मुलं किती? कॅथलिक वाट आणि अँग्लिकन वाट

वर कॅथलिक, वधू सीएनआयची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट चर्च मिळून झालेलं). लग्न ठरलंय, पण मुलांच्या प्रश्नावर अडलंय. अशांसाठी हे.

मुलं म्हणजे देवाचं दान, भात्यातले बाण (स्तोत्र १२७), हे दोघांनाही मान्य. फरक गर्भनिरोधनाच्या साधनांचा. पोप पॉल सहावे यांनी १९६८मध्ये कृत्रिम साधनं नाकारली. सबळ कारण असेल तर पाळीतले वंध्य दिवस वापरायला मुभा ठेवली. अँग्लिकन बिशपांनी १९३०च्या लॅम्बेथ परिषदेत साधनांना मर्यादित वाट दिली, १९५८मध्ये मुलांची संख्या आईबापांच्या विवेकावर सोपवली.

खर्च दोन्हीकडे किरकोळ, कॅथलिक वाटेवर कष्ट मात्र किरकोळ नाहीत. बिलिंग्ज पद्धतीत, म्हणजे योनीस्राव पाहून वंध्य दिवस ओळखण्यात, रोज रात्री स्रावाची नोंद लागते: नेहमीचा कोरडेपणा किंवा स्राव जरा जरी बदलला की थांबायचं, आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारख्या निसरडेपणाच्या शेवटच्या दिवसानंतर आणखी तीन दिवस. चुकतं ते नुसते कॅलेंडरचे दिवस मोजल्याने. बाळ अंगावर पीत असताना तर हिशेब हमखास फसतो. आणि संयम नवऱ्यालाही पाळावा लागतो, हे आधीच बोलून घ्या.

घटत्या जन्मदराची काळजी कॅथलिकांकडे जास्त उघड. केरळच्या पाला धर्मप्रांताने २०२१मध्ये पाच किंवा जास्त मुलांच्या कुटुंबांना महिना १,५०० रुपये जाहीर केले.

दोघंही नोंद ठेवणार असाल, आणखी एक मूल आलं तरी आनंदच असेल, तर कॅथलिक वाट. आईची तब्येत नाजूक असेल, दोन बाळंतपणांत पक्कं अंतर हवं असेल, तर अँग्लिकन.