तीन कप चहासाठी: स्पिरिटची चूल, लाकडाची डबा-चूल की मेणाची?

कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत), रानवाटेवर किंवा नदीकाठी रात्री गरी टाकून बसताना चहा-कॉफी करायची, तर विकतचा गॅस बर्नर लागतोच असं नाही. रिकाम्या डब्यांतून तास-दीड तासात चूल होते. प्रश्न कोणती करायची हा. बहुतेक जण डब्याचा आकार आणि भोकांची नक्षी यात अडकतात. आमचं मत असं की आधी इंधन ठरवावं: गोव्याच्या दमट हवेत काय कोरडं राहतं, जिथे बसणार तिथे काय पेटवायला चालतं, आणि चहा कोरा हवा की दुधाचा. पुढची सगळी मापं अर्धा लिटर पाण्यासाठी, म्हणजे साधारण तीन कपांसाठी आहेत.

स्पिरिटची चूल

पहिल्यांदाच करणार असाल तर हीच करा. सात-साडेसात सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. कंडेन्स्ड मिल्कचा चालतो. तळापासून ४ सेंटिमीटर उंचीवर पत्रा कापायच्या कात्रीने कापा आणि कड कानशीने घासून अगदी सपाट करा. टोप थेट याच कडेवर बसणार आहे. कड वाकडी राहिली तर वाफ त्या फटीतून सुटते आणि बाजूच्या भोकांतून ज्योत नीट निघत नाही.

कडेपासून ६-७ मिलिमीटर खाली ६ मिलिमीटरची १६ भोकं समान अंतरावर पाडा. त्याखाली सेंटिमीटरभर अंतरावर दुसरी रांग, वरच्या दोन भोकांच्या मधोमध येईल अशी. ड्रिल नसेल तर डब्यात लाकडाचा गोल ठोकळा घालून खिळ्याने भोकं पाडता येतात. ठोकळ्याशिवाय ठोकलं तर डबा चेपतो. टोपाचा तळ ११ ते १३ सेंटिमीटरचा हवा. अरुंद मग ठेवला तर बाजूने निघणारी ज्योत तळाला न लागता मगाच्या कडेने वर जाते आणि कान तापतो.

२५ मिलिलिटर स्पिरिट मोजून ओता, काडी लावा आणि टोप लगेच ठेवू नका. अर्धा मिनिट थांबलं की डबा तापतो, स्पिरिट उकळू लागतं आणि भोकांतून ज्योत डोकावते. मग टोप ठेवा. घाई केली तर चूल विझते, कारण टोपाने वरचं तोंड बंद झालं तरी बाजूने निघायला पुरेशी वाफ अजून तयार झालेली नसते. भोवती अ‍ॅल्युमिनियमचा आडोसा असेल तर सात ते नऊ मिनिटांत पाणी उकळतं. आडोसा टोपापासून सेंटिमीटरभर लांब ठेवा. अगदी चिकटवला तर चूल जास्त तापून स्पिरिट भराभर संपतं. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की आडोशाशिवाय ४० मिलिलिटरही पुरत नाही.

बिअरच्या दोन कॅनचे तळ एकात एक बसवून, सुईच्या भोकांची जेट चूल करण्याची पद्धतही आहे. ती वजनाला हलकी आणि दिसायला देखणी होते, पण सांधा गळतो, टोपाला वेगळी तिवई लागते आणि पातळ पत्रा पिशवीत चेपतो. चहापुरती तिची गरज नाही.

स्पिरिट कोणतं? रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात फ्रेंच पॉलिशसाठी मिळणारं मिथिलेटेड स्पिरिट चांगलं जळतं. ते विषारी असतं, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. थिनर किंवा टर्पेंटाइन दिलं तर परत करा, कारण दोन्ही काळा धूर करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पिवळ्या ज्योतीने जळून टोप काजळवतं. ७० टक्क्यांच्या सॅनिटायझरमध्ये उरलेलं बहुतेक पाणीच असतं. फेणीबद्दल गोव्यात हमखास विचारलं जातं. तिच्यात अल्कोहोल ४२.८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. गरम हवेत ती पेट घेते, पण ज्योत दुबळी पडून मध्येच विझते. खात्री करायची तर चमचाभर स्पिरिट स्टीलच्या झाकणात जाळून बघा. तळाशी पाणी साचून राहिलं तर माल पातळ केलेला आहे.

आता या चुलीचा खरा धोका. तिची ज्योत उन्हात दिसत नाही, त्यामुळे चूल विझली असं समजून माणूस वरून बाटलीने स्पिरिट ओततो. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३ ते ४२ अंशांच्या दरम्यान बंद बाटलीतल्या हवेशी स्फोटक प्रमाणात मिसळलेली असते. गोव्यात वर्षभर हेच तापमान असतं. ज्योत बाटलीत शिरली तर पेटतं स्पिरिट समोरच्याच्या अंगावर उडतं. म्हणून स्पिरिट बाटलीतून थेट चुलीत नको. आधी मापाच्या छोट्या झाकणात घ्या, बाटली बंद करून दूर ठेवा, मग ओता. अर्धवट पाणी तापून चूल विझली तर डबा हाताला गार लागेपर्यंत थांबा. विझवायची असेल तर वरून मोठा डबा पालथा घाला.

लाकडाची दुहेरी डबा-चूल

इंधन फुकट, ज्योत जोरकस, आणि करायला स्पिरिटच्या चुलीपेक्षा दुप्पट वेळ. ११ सेंटिमीटर व्यासाचा बाहेरचा डबा आणि ८-८.५ सेंटिमीटरचा आतला. बाहेरच्या डब्याच्या तळाला आतला डबा घट्ट बसेल एवढं गोल भोक कापा आणि डबा उलटा करा, म्हणजे कापलेली बाजू वर येते. आतला डबा त्यात काठावर अडकून लोंबकळला पाहिजे, खाली निदान २ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून. आतल्या डब्याच्या तळाला ६ मिलिमीटरची वीसेक भोकं, वरच्या काठाखाली दीड सेंटिमीटरवर तशीच १६. बाहेरच्या डब्याच्या खालच्या बाजूला सेंटिमीटरभराची १२. डबे जस्ताचा मुलामा दिलेले नकोत, तापल्यावर त्यांचा धूर घातक असतो.

खालून आलेली काही हवा दोन डब्यांच्या मधून तापत वर जाते आणि वरच्या भोकांतून आत शिरून लाकडाचा धूर जाळते. म्हणून लाकूड वरच्या भोकांच्या खालपर्यंतच भरायचं आणि वरून पेटवायचं. भोकं झाकली गेली किंवा खालून पेटवलं, की धुराशिवाय काही मिळत नाही. कापराची एक वडी वर ठेवली की पेटतं. टोप ठेवायला तीन-चार सेंटिमीटर उंचीची, बाजूंनी मोकळी कडी हवी. टोप थेट काठावर ठेवला तर ज्योत गुदमरते.

अंगठ्याएवढे तुकडे केलेली सुकी करवंटी याला उत्तम. एका नारळाची करवंटी अर्धा लिटरला पुरून उरते. किनाऱ्याजवळ सुरूच्या सुक्या काटक्या आणि फळंही छान जळतात. काजूच्या बियांची टरफलं मात्र घालू नका: त्यांतल्या दाहक तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. कण्हेरीच्या काटक्याही वर्ज्य.

जून ते सप्टेंबर बाहेरचं लाकूड ओलं असतं, तेव्हा घरून कोरडी करवंटी न्यावी लागते. आणि जंगलाचं काय? मोले, म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा जळती सोडणं गुन्हा आहे. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या भागात वणवे लागले तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी टाकावं लागलं होतं. निखारे सांडणारी चूल अशा ठिकाणी मुळीच नेऊ नये, आणि स्पिरिटचीही परवानगीशिवाय नाही. तिथे थर्मासच बरा. किनाऱ्यांसारख्या पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला राज्याच्या कायद्याने बंदी आहे. म्हणून ही चूल घरच्या अंगणाची, कुळागराची.

मेणाची चूल

बसक्या डब्यात नालीदार पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून बसवायची, काठाच्या वर दोन-तीन मिलिमीटर येईल अशी, आणि गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवलेलं मेण ओतायचं. उरलेल्या मेणबत्त्या कामी येतात, आणि एक डबा तासभर जळतो. पण काजळी इतकी धरते की टोप घासताना कंटाळा यावा, आणि ज्योत कमी-जास्त करता येत नाही. कधी पेटत्या मेणावर पाणी टाकू नका: पाण्याची क्षणात वाफ होऊन जळतं मेण चहूकडे उडतं. पत्र्याचं झाकण घालूनच विझवा. पावसात लाइट गेल्यावर घरच्या बाल्कनीत वापरायला ठीक, पिशवीत न्यायला नाही.

दुधाचा चहा करायचा असेल तर

यात तिन्ही चुली कमी पडतात, कारण मंद आच कोणालाच जमत नाही. त्यातल्या त्यात लाकडाची बरी: ज्योत ओसरल्यावर उरलेल्या निखाऱ्यावर दूध सावकाश येतं. स्पिरिटवर आधी पाण्यात आलं, साखर आणि चहाची पूड उकळा, ज्योत विझल्यावर दुधाची पावडर घाला. दूध उतू गेलं तर भोकांत शिरून चूल विझते आणि साखर करपून भोकं बुजतात. धने-जिऱ्याच्या कषायाला ही अडचण येत नाही.

तिन्हींपैकी एकही चूल तंबूत किंवा बंद गाडीत पेटवू नका. निखारा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नसतो. स्पिरिट कोकण रेल्वेत किंवा विमानात न्यायला मनाई आहे, तेव्हा ते मुक्कामाच्या गावी विकत घ्या. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत बाटली विसरू नका, आणि बूच घट्ट ठेवा: इथल्या दमट हवेत उघडं राहिलेलं स्पिरिट पाणी शोषून घेतं आणि पुढच्या वेळी ज्योत लवकर फुलत नाही.