संपादकाकडून पुस्तक करून घेतलं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

निष्कर्ष आधीच सांगते. तुमचा मजकूर अनोळखी वाचकाच्या हातात पडणार असेल, तर संपादक घ्याच. बहुतेकांना वाटतं की संपादक म्हणजे भाषा सुधारून देणारी व्यक्ती. तेवढ्यासाठी मी एवढं लांबलचक लिहायला बसले नसते. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो प्रश्नांचा. छापून जाण्याआधी कुणीतरी आपल्याला खोदून विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत पान पुढे सरकू देत नाही, हे दुसऱ्या कुठूनही मिळालं नाही.

थोडी पार्श्वभूमी. रात्रपाळीत काम करणाऱ्या माणसांवर मी वर्तमानपत्रासाठी लेख लिहीत होते. परिचारिका, सुरक्षारक्षक, गोदामांतले कामगार, रात्रभर फोनवर ग्राहकांशी बोलणारी मुलंमुली. त्या लेखांचं पुस्तक करायचं ठरलं आणि प्रकाशनसंस्थेनं एक संपादक दिल्या. म्हणजे साधारण त्याच मजकुरावर आधी वर्तमानपत्राच्या डेस्कचा, म्हणजे छापण्याआधी बातम्या तपासणाऱ्या विभागाचा, हात फिरला आणि मग पुस्तकाच्या संपादकांचा. दोन्ही अनुभव शेजारी ठेवता आले, म्हणून हे लिहिते आहे.

डेस्कवरच्या उपसंपादकाकडे वेळ नसतो. पान सुटायची वेळ ठरलेली असते, जागा ठरलेली असते, आणि जाहिरात वाढली की तुमचा शेवटचा परिच्छेद जातो. एवढ्या घाईतही चांगला उपसंपादक तीन गोष्टी सोडत नाही: नावं, आकडे आणि कुणावर आरोप होत असेल तर त्याची बाजू. मला रात्री उशिरा फोन यायचे, ‘ही टक्केवारी कशाची, एकूण कामगारांची की फक्त कंत्राटी?’ फोन एका मिनिटात संपायचा, पण दुसऱ्या दिवशी लेख ताठ मानेनं उभा असायचा. मथळा मात्र बहुतेक वेळा डेस्कच देतो आणि तो लेखकाला आवडेलच असं नाही. त्यावर वाद घालायचा तर पान जाण्याआधी घालावा लागतो, नंतर काही उपयोग नसतो.

पुस्तकाचं काम वेगळ्याच गतीनं चाललं. पहिल्या वाचनानंतर संहिता परत आली तेव्हा तिच्यावर एकही खूण नव्हती. सोबत एक लांब पत्र होतं. त्यात शुद्धलेखनाबद्दल अक्षर नव्हतं. संपादकांचं म्हणणं असं, की पुस्तक झोपेच्या शास्त्रापासून सुरू होतं, पण वाचकाला अजून एकही माणूस भेटलेला नाही. तो शास्त्र कुणासाठी वाचेल? चौथ्या प्रकरणातली परिचारिका पहिल्या पानावर आणा, शास्त्र तिच्या अनुभवातून येऊ दे. मला ही सूचना पचायला वेळ लागला, कारण तिच्यामुळे अर्ध्याहून जास्त प्रकरणं हलणार होती. हलवल्यावर मात्र तिसरं आणि सहावं प्रकरण एकच गोष्ट सांगत आहेत हे आपोआप उघड झालं आणि दोन्हींचं मिळून एक झालं.

रचनेचं हे काम बाहेरच्याला कधीच दिसत नाही. अमेरिकन लेखिका हार्पर ली यांच्या पहिल्या हस्तलिखिताचं उदाहरण इथे आठवतं. 1957 मध्ये ते टे हॉहॉफ या संपादक बाईंकडे आलं. त्यात नायिका मोठी झालेली होती. पुढची दोनेक वर्षं पुनर्लेखन चाललं, कथा नायिकेच्या लहानपणात गेली, आणि 1960 मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी बाहेर आली, तिला पुढच्याच वर्षी पुलित्झर हा पत्रकारिता आणि साहित्यासाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार मिळाला. जुना खर्डा 2015 मध्ये स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाला, त्यामुळे आज कुणीही दोन्ही शेजारी ठेवून वाचू शकतं. लिहिलं लेखिकेनंच, ओळन् ओळ तिची आहे. पण ‘अजून नाही झालं, पुन्हा बसा’ असं दोन वर्षं म्हणत राहणारं कुणीतरी समोर होतं.

दुसरी फेरी ओळीओळीची. फाइल परत आली ती ट्रॅक चेंजेससकट, म्हणजे प्रत्येक बदल वेगळा दिसेल अशी, समासात टिपांची रांग. यातल्या दोन टिपा इथे सांगायलाच हव्यात.

गोदामातल्या आगीच्या प्रकरणात एक वाक्य होतं: ‘आगीच्या सूचनायंत्रणेकडे दुर्लक्ष करण्यात आले होते.’ समासात एकच शब्द: ‘कुणी?’ अशी वाक्यं आपण रोज वाचतो. चौकशी करण्यात आली, निर्णय घेण्यात आला, विलंब झाला. करणारा कुठेच नसतो. त्या एका शब्दामुळे मी कागदपत्रं पुन्हा काढली. तपासणीच्या अहवालात उत्तर होतं. वाक्य असं झालं: ‘सूचनायंत्रणेच्या देखभालीचं कंत्राट संपलं होतं आणि व्यवस्थापनानं ते पुढे वाढवलं नाही.’ लगेच पुढची टीप आली: ‘आता व्यवस्थापनाला विचारावं लागेल.’ विचारलं. त्यांचं लेखी उत्तर आलं आणि ते पुस्तकात आहे. एका प्रश्नानं वाक्याला कर्ता दिला आणि त्या कर्त्याला बोलायची संधीही दिली. पत्रकारितेत संपादकाचं काम काय असतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच पान दाखवेन.

दुसरी टीप एका कामगाराच्या तोंडच्या वाक्यावर होती. तो म्हणाला होता, ‘रात्रपाळीनं कॅन्सर होतो, सगळ्यांना माहितीये.’ अवतरणचिन्हांत होतं, त्याचंच होतं, रेकॉर्डिंगही होतं. संपादकांचं म्हणणं: वाक्य ठेवा, पण वाचक ते पुस्तकाचं मत समजेल, तेव्हा पुढच्याच ओळीत जे माहीत आहे ते सांगा. म्हणून तिथे आता असं आहे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रात्रपाळीचं काम ‘2ए’ गटात, म्हणजे माणसासाठी बहुधा कर्करोगकारक, असं ठेवलं. शिवाय हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. कामगाराची भीती खोटी ठरली नाही आणि वाचकाला अर्धवट माहितीही मिळाली नाही. असा तोल मला एकटीला साधला असता असं मी म्हणणार नाही, कारण त्या कामगाराच्या फार जवळ जाऊन मी लिहिलं होतं. जवळ गेल्याशिवाय असं लिहिताही येत नाही. म्हणून लांब उभं राहणारं माणूस वेगळं लागतं.

संपादकानं असं खोदून विचारलंच नाही तर काय होतं, याची उदाहरणं पत्रकारितेच्या इतिहासात आहेत. 1980 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये जॅनेट कुक या बातमीदार महिलेनं हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची कहाणी लिहिली. 1981 मध्ये तिला पुलित्झर जाहीर झालं आणि दोनच दिवसांत परत करावं लागलं, कारण तसा मुलगा नव्हताच. संपादकांनी मुलाचं नाव आणि पत्ता स्वतः पडताळून पाहिला नव्हता. गुप्तता वाचकापासून पाळायची असते, संपादकापासून नाही. माझ्या पुस्तकात ज्यांची नावं बदलली आहेत, त्या सगळ्यांची खरी ओळख संपादकांना माहीत आहे. सुरुवातीला मला ते जाचक वाटलं. आता त्याशिवाय मी कुणाचंही नाव बदलणार नाही.

शैलीपत्रकाबद्दल थोडक्यात: कुठला आकडा अंकात, कुठला अक्षरी, परकी नावं कशी लिहायची, ‘हॉस्पिटल’ की ‘रुग्णालय’, याची एक यादी संपादकांनी पहिल्याच आठवड्यात करून ठेवली. कंटाळवाणं काम आहे, पण मुद्रितशोधकांचा वेळ त्यामुळे वाचला. मुद्रितशोधन हे वेगळं काम आहे आणि ते वेगळ्याच माणसानं करावं. ज्यानं मजकूर दहादा वाचला आहे, त्याला सुटलेली वेलांटी दिसत नाही.

आता न पटलेल्या गोष्टी.

बोलीचा प्रश्न सर्वांत मोठा. एका सुरक्षारक्षकाचं वाक्य होतं: ‘झोप येत न्हाई, पर डोळं मिटत्यात.’ ते परत आलं ‘झोप येत नाही, पण डोळे मिटतात’ असं. अशी बरीच वाक्यं होती. मी प्रत्येकापुढे ‘मूळ ठेवा’ लिहिलं आणि कारणही लिहिलं: या माणसाचं पुस्तकात येणं म्हणजे त्याचा आवाज येणं. बहुतेक परत मिळाली. काहींवर संपादक अडून बसल्या, त्यांच्या मते वाचक अडखळला असता. दोन ठिकाणी मी मान्य केलं, बाकीची मूळ रूपातच ठेवली. निवेदनातली माझी काही लांब वाक्यंही तोडली गेली होती, जी मुद्दाम लांब होती, कारण रात्र लांब असते. त्यासाठीही भांडावं लागलं.

संपादकाचा हात कुठे थांबावा, हा प्रश्न खरा आहे. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या 1981 च्या कथासंग्रहात त्यांचे संपादक गॉर्डन लिश यांनी काही कथा निम्म्याहून अधिक कापल्या. कार्व्हरनी पत्र लिहून छपाई थांबवायची विनंती केली होती, तरी संग्रह तसाच निघाला. मूळ कथा 2009 मध्ये, कार्व्हर गेल्यानंतर अनेक वर्षांनी, प्रसिद्ध झाल्या. कापलेल्या रूपातच त्या गाजल्या हे खरं. तरीही शेवटचा शब्द कुणाचा, हे काम सुरू होण्याआधी कागदावर असावं असं माझं ठाम मत आहे. माझ्या करारात ते होतं: तथ्यांच्या बाबतीत संपादकांचा नकाराधिकार, शैलीच्या बाबतीत माझा. त्यामुळे भांडणं झाली ती मोकळी झाली आणि संपली.

वेळेची तक्रारही आहे. फाइल आठवडेच्या आठवडे अडकायची, कारण एका संपादकाच्या हाताखाली प्रकाशनसंस्थेनं एकाच वेळी फार पुस्तकं दिलेली असतात. यात दोष संपादकाचा नसतो. खर्च कमी करायचा झाला की पहिला हात याच कामावर पडतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या वर्तमानपत्रानंसुद्धा 2017 मध्ये स्वतंत्र कॉपी डेस्क, म्हणजे मजकूर तपासणारा विभाग, बंद केला आणि वाचकांच्या वतीनं वृत्तपत्रालाच जाब विचारणारं पब्लिक एडिटरचं पदही त्याच वर्षी काढून टाकलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं.

सॉफ्टवेअरनं भागतं का, असं बरेचजण विचारतात. मी संपादक आणि सॉफ्टवेअर दोन्हींचा अनुभव घेतला आहे. शुद्धलेखन तपासणं, पुनरुक्ती दाखवणं, लांब वाक्य सुटसुटीत करणं, इथपर्यंत यंत्राची चांगली मदत होते. आगीचं ते वाक्य मी यंत्रालाही दिलं होतं. त्यानं ते अधिक सफाईदार करून दिलं, कर्ता गायबच राहिला. अहवाल कपाटात आहे आणि तो काढून बघायला हवा, असं सांगायला कुणीतरी जबाबदारी घेतलेली असावी लागते. पुस्तकावर उद्या नोटीस आली तर संपादकांनाही उत्तर द्यावं लागणार आहे, आणि त्यांच्या प्रत्येक टिपेत ते जाणवतं.

ज्यांना संपादक घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: आधी एक प्रकरण देऊन चारपाच पानांचं नमुना संपादन मागा. ज्याच्या टिपांत प्रश्न कमी आणि दुरुस्त्याच जास्त, त्याच्याकडे भाषेचं काम द्या, पुस्तक देऊ नका. काम कोणत्या पातळीचं, रचनेचं की फक्त भाषेचं, हे ठरवून घ्या, कारण दोन्हींना लागणारा वेळ आणि मोबदला यांत बराच फरक असतो. संदर्भांची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून एका जागी ठेवा. फाइल एका वेळी एकाच्याच हातात असू द्या. आणि टीप वाचून राग आला तर त्या दिवशी उत्तर लिहू नका.

कवितासंग्रह किंवा अगदी खासगी आठवणी लिहिणाऱ्यांना एवढी मोठी प्रक्रिया लागेलच असं नाही, तिथे एक जाणता वाचकही पुरतो. पण जिथे खऱ्या माणसांची नावं, आकडे आणि आरोप आहेत, तिथे संपादकाशिवाय छापू नये.

प्रकाशनसंस्थेकडे मी एक मागणी केली आणि ती मान्य झाली. श्रेयपानावर मुखपृष्ठकार आणि मुद्रक यांच्यासोबत संपादकांचं आणि मुद्रितशोधकांचंही नाव आहे. पुढच्या पुस्तकासाठी मी त्याच संपादक मागितल्या आहेत, आणि या वेळी संहिता पूर्ण व्हायची वाट न बघता नुसता आराखडाच पाठवला आहे. त्यावर टिपा यायला सुरुवात झाली आहे.