क्लिपवाले एक्स्टेन्शन, आठ महिन्यांनंतर

बाळंतपणानंतर केस एवढे गळले की वेणीचा शेपटा करंगळीएवढा राहिला, त्यात फेब्रुवारीत दिराचं लग्न, म्हणून क्लिप-इन, म्हणजे क्लिपनं आपल्या केसांत अडकवायचे जोडकेस, घेतले. आधी बाजारातून स्वस्तातले सिंथेटिक आणलेले, ते स्ट्रेटनर लावल्या लावल्या टोकाला वितळून गोळा झाले. मग खऱ्या केसांचा सेट घेतला, १८ इंची, क्लिपा शिवलेल्या केसांच्या सात पट्ट्या, १२० ग्रॅम. आपल्याच कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला केसांचा मोठा धंदा चालतो, तिकडचाच माल आहे म्हणून सांगितलं. घेताना रेमी आहे का ते विचारा, त्यात सगळ्या केसांचे खवले मुळाकडून टोकाकडे एकाच दिशेला असतात त्यामुळे गुंता कमी होतो. आणि रंग मुळाशी नाही, टोकाशी जुळवून बघा, आपले केस काळे दिसतात पण उन्हात टोकं तपकिरीच असतात, कुळकुळीत काळा घेतला की लगेच कळतं.

तर निपाणीच्या त्या लग्नात पाठमोऱ्या फोटोत माझे खांद्यापर्यंतचे केस एका रेषेत संपतात आणि खालून दुसऱ्याच कुणाचे तरी सुरू होतात, कानावर क्लिपांचे उंचवटे. मला फार वाईट वाटलं. सेट कपाटातच टाकला असता, पण शहापूरला माहेरी गेल्यावर आज्जीनं तो हातात घेतला, म्हणाली हे आमचं गंगावनच की गं. गंगावन म्हणजे वेणीत घालायचे जोडकेस, तिनं तरुणपणी खूप वापरलंय. "आधी मूळ बांधायचं, मग गंगावन. नुसत्या केसाला कायबी थांबत न्हाई."

आणि खरंच तेच चुकत होतं. आता मी मानेजवळच्या आखूड केसांची एक बारीक वेणी घालते, ती आडवी चपटी करून दोन पिना लावते आणि पहिली पट्टी त्या वेणीवरच अडकवते, म्हणजे आखूड केस खालून डोकावत नाहीत आणि क्लिप घसरत नाही. बाकी प्रत्येक ओळीला भांग पाडून मुळाशी दोन-तीनदा उलटा कंगवा, हेअरस्प्रेचा हलका फवारा, मग क्लिपचे दात त्या भुसभुशीत भागात घालून बंद करायची. एका क्लिपमध्ये खूप केस धरले की फुगवटा येतो, पातळ थर घ्या. पट्टी भांगाच्या ओळीपेक्षा लांब असेल तर मधे वाकून उचलली जाते, तिथं कमी क्लिपांची छोटी पट्टी लावा. भुवईच्या रेषेच्या वर पट्टी नको, कडेला कपाळाच्या केसांपासून बोटभर आत, आणि तिथली क्लिप थोडी तिरकी.

तेल लावलेल्या दिवशी विसरा. पार्लरवाल्या अक्कांनी डोक्याला हात लावूनच ओळखलं, "तेल घालून आलीस होय, कशी बसंल गं क्लिप?" पण नुकतेच धुतलेले केसही निसटतात, धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यात छान बसतात. माझे केस संपून एक्स्टेन्शन सुरू होतात तिथली फोटोतली ती रेषा त्या अक्कांनीच घालवली, सगळ्या पट्ट्या लावून बसवलं आणि कात्री उभी धरून थोडं थोडं कापलं, माझ्या केसांची सरळ टोकंसुद्धा मोडली. हे कटिंग एकदाच करावं लागतं पण ते केल्याशिवाय बाकी सगळं वाया आहे, मी तर म्हणते सेट घेतानाच त्याचे पैसे बाजूला ठेवा.

बेळगावचा पाऊस सुरू झाला की माझे केस पिंजारतात आणि एक्स्टेन्शन आपले सरळच्या सरळ. तेव्हा उष्णतेपासून केस वाचवणारं हीट प्रोटेक्टंट लावून दोन्ही केस एकाच बटेत धरून टाँगनं (केस कुरळे करायच्या गरम दांड्यानं) हलका वेव्ह देते, तसंच गणपतीत केलं होतं, मोकळे केस आणि एका बाजूला अबोलीचा गजरा, आज्जीनं मागून बोटं फिरवून क्लिप शोधल्या, दोनच सापडल्या.

तक्रारी आहेत. पाच-सहा तासांनी डोकं जड होतं. दोन क्लिपांच्या आतली, केस घट्ट धरणारी सिलिकॉनची पट्टी निघाली, एक क्लिप बदलून शिवून घेतली. उजव्या कानावर रोज त्याच जागी लावून माझे स्वतःचे केस तुटले, हे लक्षात यायला मला तीन महिने लागले, आता जागा अर्धा इंच वर-खाली करते, रोज लावत नाही आणि झोपताना तर काढतेच काढते. १५-२० वेळा वापरले की सल्फेट नसलेल्या शॅम्पूनं धुते, टोकं तरीही कोरडी पडलीयत कारण त्यांना डोक्याचं तेल मिळत नाही. पुढचा सेट १६ इंची घेणार, वजन एवढंच, म्हणजे टोकाला दाट राहतील.