बाळाला सांभाळायला बाई: एजन्सीपासून दिवा (ठाणे) इथल्या मावशींपर्यंत

‘सर, प्लीज आम्हाला पाच स्टार द्या’ असा मेसेज परवा एजन्सीकडून आला. सोबत हात जोडलेले. आमचे 25,960 रुपये घेऊन ज्यांना एक बाई टिकवता आली नाही, बदली देता आली नाही आणि नंतर ज्यांनी फोन उचलणंच सोडलं, त्यांच्या यादीत आम्ही अजून समाधानी ग्राहक आहोत असं दिसतं. स्टार मिळणार नाहीत. अनुभव मात्र सविस्तर लिहितो.

परिस्थिती नेहमीचीच. आम्ही मुलुंड पूर्वेला, आई सांगलीला आणि तिचे गुडघे गेलेले, सासूबाईंची नोकरी चालू. बायकोची 26 आठवड्यांची रजा संपत आली होती. पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसनं पाळणाघराची सोय करायची हे 2017 पासून कायद्यात आहे, आणि तिच्या ऑफिसनं ती केलीही आहे, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये सहा महिन्यांचं बाळ घेऊन मुलुंडहून कुर्ला आणि तिथून रिक्षाची रांग, हे ज्यानं ठरवलं त्यानं एकदा स्वतः करून पाहावं. घराजवळच्या पाळणाघरात वर्षाच्या आतलं बाळ घेत नाहीत. म्हणून बाई.

एजन्सीचा हिशोब असा: बारा तासांची बाई, पगार 22,000. फी एक महिन्याचा पगार, वर 18 टक्के जीएसटी. करार अकरा महिन्यांचा, त्यात ‘फ्री रिप्लेसमेंट’. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रोफाइल आल्या: फोटो, वय, ‘जापा (म्हणजे बाळंतिणीचं काम), इन्फंट, टॉडलर, आठ वर्षांचा अनुभव’. तीन वेगवेगळ्या बायकांच्या प्रोफाइलमध्ये मजकूर अक्षरशः तोच, फोटो तेवढा वेगळा. पोलिस व्हेरिफिकेशन झालंय म्हणून जो कागद पाठवला, ती अर्ज केल्याची पावती होती. अर्ज आणि पडताळणी यात फरक आहे हे मी फोनवर सांगितलं, तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सर, सगळे क्लायंट हेच घेतात.’

आलेली बाई वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहितो. हात स्वच्छ, बाळ नीट धरायची, मोबाइल पर्समध्ये ठेवायची. पण आमच्या 22,000 मधून एजन्सी तिचे दर महिन्याला चार हजार कापून घेते हे तिच्याच तोंडून कळलं. करारात त्याचा उल्लेख नाही. महिना भरायच्या आत ती गेली, पवईला चोवीस तासांच्या कामावर. तिकडं कोणी लावलं? त्याच एजन्सीनं. म्हणजे एकाच बाईवर दोनदा फी. बदली मागितली तर ‘सात वर्किंग डेज’, मग ‘पावसामुळे बायका गावाला आहेत’ (डिसेंबरात!), आणि शेवटी ‘त्या रेटला आता कोणी मिळत नाही सर, 26 करा.’ पैसे परत मागितल्यावर करारातलं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं: फी नॉन-रिफंडेबल. रिप्लेसमेंट फ्री आहे, फक्त ती मिळत नाही.

ज्यांना चोवीस तास राहणारी बाई हवी आहे त्यांच्यापुढं एजन्सीशिवाय फारसा पर्याय नसतो, मान्य. बाकीच्यांनी आधी खाली उतरून विचारावं. वॉचमन, मालिशवाली, पोळीभाजी केंद्र, मेडिकलवाला, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे आपली भांडीवाली. आमच्या भांडीवाल्या ताईंनी दोन दिवसांत त्यांच्या जावेच्या शेजारणीला आणून उभं केलं. त्या आमच्या मावशी. राहायला दिव्याला, गाव चिपळूणजवळ, स्वतःची दोन मुलं मोठी झालेली. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा, रविवार सुट्टी, 17,000, लोकलचा पास आमचा, दुपारचं जेवण आमच्याकडं, दिवाळीला एक पगार. फी शून्य. त्यांचं आधार आणि फोटो घेऊन पोलिसांकडचं आम्ही स्वतः केलं. घरेलू कामगार मंडळाची नोंदणी त्यांनी आधीच करून ठेवली होती. असं मंडळ आहे, त्याचा 2008 चा कायदा आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. एजन्सीत कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं.

पहिल्या भेटीत मी अनुभव किती ते विचारलं नाही. अर्धं पिऊन उरलेल्या दुधाचं काय करता, ते विचारलं. पावडरीचं दूध बाळानं तोंड लावल्यावर तासाभरात संपवायचं, उरलं तर टाकायचं. मावशी म्हणाल्या, ‘फेकते. उष्टं परत नाही देत.’ बाहेर काढून ठेवलेलं आईचं दूध चार तास चालतं असं सगळीकडं लिहिलेलं असतं, पण ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी. मुंबईत तेवढं तापमान वर्षातून किती दिवस असतं? मावशींनी हे न सांगता ओळखलं. दूध काढलं की थेट फ्रिजमध्ये, आणि लागेल तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट. बाटलीला त्या हातच लावत नाहीत, वाटी-चमचा. आमच्या डॉक्टरीणबाई यावर खूश, कारण बाटलीपेक्षा वाटी-चमचा स्वच्छ ठेवणं सोपं. मी तेवढा खूश नाही. तीन हजारांचं स्टेरिलायझर माळ्यावर पडलंय. कोणाला हवं असेल तर सांगा, जवळजवळ नवं आहे.

आता पंखा.

मावशी पंखा बंद करतात. बाळ झोपलं की पंखा बंद, खिडकी अर्धी, अंगावर दुपटं. ‘वाऱ्यानं बायच्या छातीत कफ भरतो, दादा.’ थंडीत ठीक होतं. मार्चपासून मी ऑफिसातून कॅमेऱ्यात बघायचो (कॅमेरा आहे हे त्यांना सांगून लावलाय, त्या कधीमधी त्याच्याकडं बघून हातही करतात), तर पंख्याची पाती स्थिर आणि लेकीच्या कपाळावर केस चिकटलेले. मानेवर घामोळं आलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: झोपेत बाळाला उकडू देऊ नका, घरात टोपी नको, सैल सुती एकच कपडा, पाठीवर झोपवा, पंखा चालू असलेला चांगलाच. गरम वाटतंय का ते हातापायांवरून ठरवू नका, मानेच्या मागं किंवा पोटाला हात लावून बघा. मी हे सगळं मावशींना समजावलं. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पाती स्थिर.

मग मी खोलीत तापमान आणि दमटपणा दाखवणारं साडेतीनशे रुपयांचं यंत्र लावलं. मे महिन्यात ते दुपारी 33 अंश दाखवायचं. मावशी त्याच्याकडं बघून म्हणायच्या, ‘आज बरंय.’ रेग्युलेटरला चिकटपट्टी लावली, तर त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. वीज वाचवणारा रिमोटवाला पंखा घेतला (बिल खरंच कमी आलं, त्याबद्दल वेगळं लिहीन) आणि रिमोट खिशात घालून ऑफिसला गेलो. भिंतीवरचं बटण तिथंच होतं. बायको म्हणते, तू बटण उपटून ने. एसीचा विषय मी काढत नाही, एसीबद्दल मावशींचं मत काय असेल ते मला ऐकायचं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि मावशींचं रेटिंग पाचपैकी साडेतीन धरलं होतं. मध्ये आठवडाभर गेला आणि एक बदल करावा लागतोय.

गेल्या बुधवारी दुपारी लेकीला ताप आला. मावशींनी फोन केला तेव्हा सुरुवात ‘दादा, घाबरू नका’नं नव्हती. ‘101.2, दोन वाजता. दूध प्यायली निम्मी वाटी. लघवी साडेबाराला’ अशी होती. हे सगळं त्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलनं लिहिलेलं. घरी येऊन मागची पानं उलटली, तर ते रोजचंच होतं: किती वाजता प्यायली, किती झोपली, शी कशी झाली. मी त्या चौकटीतल्या खुणा इतके दिवस दुधाचा हिशोब समजत होतो. एजन्सीनं फीच्या पत्रकात ‘डेली लॉग शीट’ म्हणून जे छापलं होतं आणि कधी दिलं नाही, ते हे. डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर त्या पानाचा फोटो बघितला आणि दोनच प्रश्न विचारले. औषधाचा डोस बाळाच्या वजनावर ठरतो म्हणून मावशींनी आम्हाला विचारल्याशिवाय थेंबही दिला नव्हता, अंगावरचं दुपटं मात्र काढलं होतं, कपडे सैल केले होते.

पंखा बंदच होता.

तर साडेतीनचे साडेचार केलेत. अर्धा कशासाठी कापला ते सांगायला नको. पगारही पुढच्या महिन्यापासून 18,500 करतोय. मागितला नव्हता, पण पवईवाले मागायची वाट बघत नाहीत.

एक अडचण उरते, ती ज्यांच्याकडं कोकणातल्या मावशी आहेत त्यांच्या ओळखीची असेल. गणपती. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 60 दिवसांवर आलं. म्हणजे मावशी कधी जाणार हे आम्हाला चार महिने आधी कळलं असतं, ते आता दोन महिने आधी कळतं. या खेपेला तिकीट वेटिंगवर आहे, पण त्याचा जाण्याशी काही संबंध नाही, त्या दिव्याहून सावंतवाडीच्या गाडीनं उभ्यानं जातील. पाच दिवस म्हणाल्यात. भांडीवाल्या ताई म्हणतात बारा धरा.

बायको आणि मी अर्धी अर्धी रजा टाकतोय, तरी मधले चार-पाच दिवस रिकामे राहतात. मुलुंड, भांडुप किंवा ठाण्यात तेवढ्या दिवसांसाठी येणारं कोणी ओळखीचं असेल तर कळवा. दिवसाला 900, जेवण आमच्याकडं, पंखा चालू ठेवावा लागेल.