एसटीएम की एएफएम : कण सरकवायला कोणतं यंत्र?

जळगाव-धुळ्याकडे राहून नॅनोकण हलवण्याचा विषय पीएचडीला घ्यायचा, तर पहिला प्रश्न यंत्राचा येतो : एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप) की एएफएम (अ‍ॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप)? दोन्ही अतिशय बारीक टोक पृष्ठभागावरून फिरवून चित्र काढतात. माझं मत आधीच सांगतो : एएफएम. गाजलेली चित्रं बहुतेक एसटीएमची आहेत, तरीही.

१९८९ मध्ये आयबीएमच्या आल्माडेन प्रयोगशाळेत डॉन आयग्लर यांनी निकेलवर झेनॉनचे ३५ अणू एकेक करून ओढले आणि कंपनीचं नाव लिहिलं, ते एसटीएमनं. चित्रात न दिसणारा भाग म्हणजे द्रव हेलियमची ४ केल्व्हिनची थंडी आणि कडेकोट निर्वात. शिवाय एसटीएमला वीज वाहून नेणारा पृष्ठभागच लागतो, कारण तो टोक आणि पृष्ठभाग यांच्यातला विद्युतप्रवाह मोजतो, आणि त्यांच्यातलं अंतर एक अँगस्ट्रॉमनं (नॅनोमीटरच्या दहाव्या भागानं) बदललं की तो प्रवाह साधारण दहापट बदलतो. हेलियमचा नियमित पुरवठा आणि चोवीस तास न थांबणारी वीज खात्रीची असेल, तरच या वाटेला जा.

एएफएम टोकावरचं बल मोजतो, त्यामुळे अभ्रक, काच, सिलिकॉन, काहीही चालतं, तेही साध्या हवेत. अभ्रकावर १५ ते ३० नॅनोमीटरचे सोन्याचे कण ढकलणं हा त्यातला चांगला सराव. दोघांवरही ऋण प्रभार असतो, म्हणून अभ्रकावर आधी धन प्रभाराच्या पॉलिलायसिनचा थर द्यावा लागतो, नाहीतर कण टिकतच नाहीत.

खरी अडचण पुढे आहे. जे टोक बघतं तेच ढकलतं, त्यामुळे ढकलताना आपण जवळपास आंधळे असतो. आधी टॅपिंगमध्ये (टोक हलकं टेकवत) चित्र घ्यायचं, मग फीडबॅक (टोकाची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बंद करून कणाच्या मध्यातून रेघ मारायची, मग पुन्हा चित्र. काठीनं टायर पळवताना काठी कडेला लागली की टायर वळतो, तसा रेघ चुकली की कणही बाजूला निसटतो. मधल्या काळात तापमान बदललं तर सगळं सॅम्पलच काही नॅनोमीटर सरकलेलं असतं. भुसावळच्या मे महिन्यात एसी चालू-बंद होत राहतो, तो हेच करतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे टोक आणि सॅम्पल यांच्यात पाण्याचा पूल तयार होतो आणि कण टोकालाच चिकटतो. मग कोरड्या नायट्रोजनची पेटी लागते. म्हणून मोजमापाचं काम हिवाळ्यासाठी राखून ठेवा, उन्हाळ्यात सॅम्पल बनवा.

खर्चात एक गोष्ट एसटीएमच्या बाजूनं आहे. टंगस्टनची तार कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात झिजवून टोक घरच्या घरी बनतं. एएफएमचे प्रोब (टोकं) विकत घ्यावे लागतात आणि ढकलाढकलीत लवकर बोथट होतात. प्रस्तावात ती रक्कम सढळ हातानं धरा.

आणि तुमचे कण पाण्यात तरंगणारे, मायक्रोमीटरचे असतील, तर दोन्ही यंत्रं सोडून ऑप्टिकल ट्वीझर बघा. लेझरच्या एका झोतानं कण पकडून ठेवण्याची ही रीत आर्थर अ‍ॅश्किन यांनी १९८६ मध्ये दाखवली.