श्रेय लाटणाऱ्या सहकाऱ्यापुढे गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री कितपत टिकते?

प्रस्ताव चौघांनी मिळून लिहायचा आणि मीटिंगमध्ये "मी असं मांडलंय" म्हणत एकानेच मिरवायचं, यात नवं काही नाही. आयत्या बिळावरचा नागोबा प्रत्येक टीममध्ये एखादा असतोच. त्याच्याशी बोलायला जाण्याआधी कोणी काय लिहिलं याची नोंद हाताशी हवी. गूगलचं डॉक्स (लिखाणासाठी) किंवा शीट्स (आकड्यांच्या तक्त्यांसाठी) वापरणाऱ्यांकडे ती व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाईलमधल्या बदलांची यादी, या रूपात फुकटात असते, पण तिच्यावर किती भिस्त ठेवायची हे ठाऊक असलेलं बरं.

फाईल मेनूतून व्हर्जन हिस्ट्री उघडा, किंवा कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एच एकदम दाबा. उजवीकडे तारीख-वेळेची यादी येते आणि प्रत्येक नोंदीखाली रंगीत ठिपका व नाव दिसतं. त्या माणसाने घातलेला मजकूर त्याच रंगात, काढलेला मजकूर त्याच रंगात खोडलेला. एका नोंदीत दोन-तीन जणांचे बदल एकत्र बांधलेले असतात, म्हणून वेळेशेजारचा छोटा त्रिकोण दाबून आतले तुकडे उघडायचे. बरेच जण वरवरची यादी बघून "यात काही कळत नाही" म्हणतात, ते हा त्रिकोण न दाबल्यामुळे.

हे पान फक्त एडिटचा हक्क असलेल्यालाच दिसतं. मॅनेजरला नुसता 'व्ह्यू'चा हक्क दिला असेल तर लिंक पाठवून उपयोग नाही. त्यांना एडिटचा हक्क द्या, नाहीतर स्क्रीन शेअर करून दाखवा.

आता दोष. सगळ्यात मोठा म्हणजे ही सोय खातं ओळखते, डोकं नाही. तुम्ही आकडेमोड करून व्हॉट्सॲपवर पाठवली आणि सहकाऱ्याने ती फाईलमध्ये पेस्ट केली, तर हिस्ट्रीत ती त्याचीच. म्हणून मजकूर चॅटवर द्यायचाच नाही, स्वतः फाईलमध्ये घालायचा. दुसरीकडे लिहिला असेल तर स्वतः पेस्ट करायचा. नोंद एकगठ्ठा पडते, पण तुमच्या नावावर पडते. 'लिंक असलेला कोणीही एडिट करू शकतो' असं ठेवलं असेल आणि एखाद्याने लॉगिन न करता बदल केले, तर ते निनावी जमा होतात. नंतर कितीही ओरडा, नाव चिकटत नाही.

दुसरी खोच कॉपीची. 'मेक अ कॉपी' केलं की नव्या फाईलची हिस्ट्री कोरी, आणि मालक कॉपी करणारा. 'फायनल' नावाची अशी फाईल वरिष्ठांकडे गेली की त्यांना तिथे एकच नाव दिसतं. मूळ फाईल शाबूत असेपर्यंत काही बिघडत नाही, पण मूळ फाईलचा मालक तो असेल तर तो ती कायमची डिलीट करू शकतो. त्यामुळे सामाईक कामाची फाईल पहिल्यांदा कोणी उघडायची हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. टीमची शेअर्ड ड्राइव्ह असेल तर तिथेच उघडा. तिथल्या फाईली एकट्या माणसाच्या मालकीच्या नसतात. दोन फाईली ताडून बघायला टूल्समध्ये 'कंपेअर डॉक्युमेंट्स' आहे, पण त्यातले फरक कोणाच्या नावावर दाखवायचे हे ताडणाराच निवडतो. त्या तुलनेला पुरावा समजू नका.

तिसरं, जुन्या नोंदी जागा वाचवण्यासाठी एकमेकींत मिसळल्या जाऊ शकतात. यावर उपाय सोपा आहे: महत्त्वाच्या टप्प्याला व्हर्जनला नाव द्यायचं. 'मॅनेजरकडे जाण्यापूर्वी' असं साधं नाव आणि तारीख पुरे. डॉक्समध्ये अशी ४० नावं देता येतात, शीट्समध्ये १५. त्यामुळे शीटमध्ये दर दोन दिवसांनी नाव देण्याची हौस करू नये.

तरी शीट्स या कामाला जास्त चोख. सेलवर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्ट्री' घेतलं की छोट्या चौकटीत कोणी, केव्हा, कशाच्या जागी काय टाकलं ते येतं. "हा दर कोणी बदलला?" याचं उत्तर दहा सेकंदांत. रो-कॉलम घातले-काढले, नुसतं फॉर्मॅटिंग केलं किंवा फॉर्म्युल्यामुळे आकडा बदलला, तर ते मात्र या चौकटीत येत नाही. स्लाइड्समध्ये हिस्ट्री आहे, पण बारीक बदल शोधताना डोळे फुटतात.

पुरावा मिळाला म्हणून हिस्ट्रीचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नये. खरं असूनही ते हिशेब मांडल्यासारखं दिसतं, आणि ओळी मोजल्या तर ज्याने विचार केला पण टाइप कमी केलं तो हरतो. त्यापेक्षा पहिल्या पानावर तीन रकान्यांचा तक्ता काम सुरू होतानाच टाका: भाग, लिहिणार कोण, तपासणार कोण. मग फाईल पुढे पाठवताना मेलमध्ये एक ओळ: "तिसऱ्या भागातली आकडेमोड माझी आहे, त्यावर प्रश्न आले तर मला विचारा." श्रेय मागितल्यासारखं होत नाही आणि नाव कामाला चिकटतं. एवढं करूनही मीटिंगमध्ये "मी केलं" झालंच, तर आधी त्या माणसाशी एकट्याने बोलावं, तक्ता समोर ठेवून. पुन्हा झालं तर वरिष्ठांकडे, नाव दिलेल्या व्हर्जनसकट.

ज्यांच्या ऑफिसात वर्डच चालतं त्यांनी 'ट्रॅक चेंजेस' (प्रत्येकाचे बदल नावासकट दाखवणारी सोय) लावून पासवर्डने लॉक करावं, नाहीतर कोणीही ते बंद करतं. फाईलमधली वैयक्तिक माहिती शोधून काढणारा वर्डचा 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर' चालवून ती काढली तर लेखकांची नावं निघून जातात, तेव्हा त्याआधीची फाईल वेगळी ठेवा. आणि तीच वर्डची फाईल वा पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवत असाल, तर तिच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवसांनी किंवा १०० झाल्या की उडू शकतात. हवी असलेली आवृत्ती 'मॅनेज व्हर्जन्स'मध्ये जाऊन 'कीप फॉरेव्हर' करून ठेवावी लागते.