ट्रिगर कुणाच्या हाती: रीपर आणि हार्पी

अमेरिकेचं एमक्यू-9 रीपर आणि इस्रायलचं हार्पी, दोन्ही मानवरहित लढाऊ ड्रोन. जात मात्र वेगळी.

रीपरला वैमानिक असतो, फक्त तो हजारो किलोमीटर लांब खुर्चीत बसलेला असतो. शेजारी कॅमेरे सांभाळणारा दुसरा. क्षेपणास्त्र सोडायचं की नाही, हे माणूसच ठरवतो. ऐन वेळी पडद्यावर एखादं मूल दिसलं तर तो थांबू शकतो. (थांबतोच असं नाही.) दुखणं आहे ते उपग्रहाच्या संपर्काचं. तो तुटला की हात बांधले गेले.

हार्पी 1990च्या दशकातलं, म्हणजे आजच्या एआयच्या गाजावाजाच्या कितीतरी आधीचं. एकदा सोडलं की घिरट्या घालतं, शत्रूच्या रडारच्या लहरी हुंगतं आणि त्यावर जाऊन आदळतं. कुणाला विचारायचंच नसल्याने संपर्क तुटण्याची धास्ती नाही. पण रडारशेजारी कोण उभं आहे, हे त्याला कळत नाही. युक्रेनमधल्या जॅमिंगमुळे, म्हणजे संपर्काच्या लहरी मुद्दाम अडवल्या जात असल्याने, आता छोट्या ड्रोनमध्येही शेवटच्या टप्प्यात स्वतःच लक्ष्य धरून ठेवणारी यंत्रणा बसवली जाते आहे.

रडारपुरतं हार्पी मला पटतं. माणसं हेरायला तसं यंत्र मोकळं सोडणं अजिबात नाही. रीपर चुकलं तर जाब विचारायला खुर्चीत कुणीतरी असतं.